द्वितीयेची सुकती

माझा भाचा वर्षातले आठ महिने बोटीवर आणि उरलेले घरी असतो. बोट मालवाहू नाही, प्रवासी क्रूझ. फ्लोरिडाहून सुटायची, कॅरिबियन समुद्रातली चार-पाच बेटं करायची आणि आठ-दहा दिवसांत परत. तो तिथं किचनमध्ये आहे. यंदा त्रिपुरी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी तो रत्नागिरीला आला. बॅग उघडली, तर चॉकलेटांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेले बारा मास्क. डोळे आणि नाक झाकणारे, पुढे जाड काच, बाजूला तोंडात धरायची वाकडी नळी.

"आत्या, आरे-वारेला स्नॉर्कलिंग सुरू करतोय," तो म्हणाला. "घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. सकाळी समुद्र दाखवायचा, दुपारी घरचं जेवण. लोक एवढे पैसे भरून आमच्या बोटीवर येतात ते कशासाठी? पुळण आणि पाण्याखालचं जग. दोन्ही आपल्या दारात आहे."

पुळण दारात आहे हे खरं. पण मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातले किती तरी रविवार मुलांना घेऊन खडपावर काढले. त्याच्या मास्कातून आरे-वारेच्या लाटांत काय दिसेल ते मला ठाऊक होतं. तरी लगेच नाही म्हटलं नाही. भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं.

"वद्य द्वितीयेला सकाळी सहाला निघू. एक मास्क बरोबर घे."

"द्वितीयाच का?"

"तिथीची पाऊणपट कर. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, साडेसातला, पूर्ण ओहोटी. आपल्याकडे हिशेबापेक्षा पाणी थोडं आधीच उतरतं. पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भरती जितकी वर चढते तितकीच सुकती खाली जाते. अष्टमीला गेलास तर भांग. पाणी धड येत नाही, धड जात नाही."

तो हसला नाही. बोटीवरच्या मुलाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. फक्त म्हणाला, "तिथं हा हिशेब कोणी करत नाही. पाणी दिवसभर आहे तिथंच असतं."

हे त्याचं वाक्य मी त्या सकाळपर्यंत मनात धरून ठेवलं.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता आरे-वारेला डोंगराच्या कडेने चढतो. खाली दोन पुळणी, मध्ये समुद्रात घुसलेलं डोंगराचं नाक. पर्यटक वर थांबतात, फोटो काढतात, आणि त्या नाकाखालच्या काळ्या खडपाकडे कोणी बघत नाही. आम्ही तिथं उतरलो तेव्हा उजाडत होतं. पाणी बरंच मागे गेलेलं. आदल्या दुपारी जिथं माणूस बुडाला असता तिथं आम्ही चपला हातात घेऊन उभे होतो.

भाच्याला आधी पुळणीकडच्या पाण्यात मास्क लावून जायचं होतं. "जा," म्हटलं, "कमरेपर्यंतच. आणि लाट फुटत नाही असा जो गुळगुळीत पट्टा दिसतो ना, तिकडे पाऊल टाकू नकोस." गेला. दोन-तीनदा डोकं बुडवलं. परत आला तेव्हा केसांतून वाळू गळत होती.

"काही दिसत नाही. स्वतःचा हात लांब केला की बोटं दिसत नाहीत. गढूळ आहे."

"गढूळ आहे, आणि नुसतं गढूळही नाही. हिरवट आहे. तुझी बोट लागते त्या बोनेर बेटावर पाऊस किती पडतो?"

"फार नाही. निवडुंगाचं बेट आहे ते. मिठागरं आहेत."

"आणि नदी?"

"एकही नाही."

"इथं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. काजळी भाट्याला येते, शास्त्री जयगडला. सह्याद्रीची माती समुद्रात येऊन पडते आणि लाटा ती खाली बसू देत नाहीत. त्यात उन्हाळ्याच्या शेवटापासून समुद्राच्या तळाचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती माजतात. पाणी हिरवं होतं ते त्यांनी. त्या खायला तारली येते, बांगडा येतो. तुझ्या त्या निळ्या पाण्यात वीस मीटर खाली दिसतं, कारण त्यात खायला फारसं काही नाहीच. तिथलं प्रवाळ म्हणजे वाळवंटातलं रान आहे. आपला समुद्र म्हणजे भाताचं खाचर. खाचरात खालचं दिसत नाही म्हणून कोणी त्याला वाईट म्हणत नाही."

त्याला हे पटलं, पण आवडलं नाही. माणसाला जे आवडतं त्याची बाजू घ्यायला तो थोडा वेळ घेतो. तो खडपावर बसला आणि मला बोनेरबद्दल सांगू लागला. ते इतकं चांगलं सांगितलं की मी मध्ये बोलले नाही.

बोनेर हे व्हेनेझुएलाच्या उत्तरेला डच लोकांकडे असलेलं बेट, २८८ चौरस किलोमीटरचं. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. क्रालेंडाइकच्या धक्क्याला त्याची बोट लागते तेव्हा तीन-चार हजार माणसं एका सकाळी उतरतात. याला सुट्टी मिळायची ती जास्तीत जास्त चार तासांची. पहिल्यांदा उतरला तेव्हा एका सहकाऱ्याने मागच्या सीटवर घालून किनाऱ्याच्या रस्त्याने नेलं. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड, प्रत्येकावर एक नाव. प्रत्येक नाव म्हणजे पाण्यात उतरायची एक जागा. गाडी लावायची, दगडाशेजारून चालत पाण्यात जायचं. बोट लागत नाही, मार्गदर्शक लागत नाही.

"मी गुडघाभर पाण्यात तोंड खाली घातलं," तो म्हणाला, "आणि पहिल्यांदा आवाज आला. दिसायच्या आधी. कुरूम कुरूम कुरूम, कोणी खडीसाखर चावतंय तसा. मग दिसला. निळा-हिरवा मासा, पोपटासारखी चोच, आणि तो दगड खात होता. खरोखर दगड. थोडं पुढे गेला आणि मागून पांढऱ्या धुराची रेघ सोडली. ती वाळू होती, आत्या. आम्ही ज्या वाळूवर टॉवेल टाकतो ती त्या माशांच्या पोटातून आलेली असते हे मला बोटीवर एका म्हाताऱ्या पाहुण्याने सांगितलं. मी बारावीपर्यंत तुझ्याच शाळेत होतो. मी समुद्राच्या कडेला वाढलो. मला कोणी समुद्राच्या आत काय आहे ते दाखवलं नव्हतं. बाजारात बर्फावर पडलेला मासा बघितला होता, पोहणारा नाही."

हे मला लागलं. कारण ते खरं होतं. मी मुलांना खडपावर नेलं ते आमच्या तुकडीतल्या हौशी मुलांना. हा त्यांत नव्हता, क्रिकेट खेळायचा.

"म्हणून मला इथं ते हवंय," तो म्हणाला. "बोनेरने १९७९ सालीच बेटाभोवतीचा सगळा समुद्र, साठ मीटर खोलीपर्यंत, राखीव केला. नांगर टाकायला बंदी, बोट बांधायला तरंगते बोये आहेत. भाल्याने मासे मारायला बंदी. हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत, कारण हातमोजा असला की माणूस कशालाही हात लावतो. अंगाला लावायचं जे मलम प्रवाळाला मारतं, ते विकायला २०२१ पासून मनाई. पाण्यात उतरणारा पाहुणा समुद्रासाठी पैसे भरतो. आणि हे सगळं कशामुळे झालं? लोक पाण्यात डोकं घालून बघत होते म्हणून. न बघितलेल्या गोष्टीसाठी कोण कायदा करतं?"

"आपणही केलाय," मी म्हटलं. "१९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड धरून २९ चौरस किलोमीटर. त्याच साली तुमच्या कॅरिबियनमधल्या साबा बेटानेही आपल्या भोवतालचं पाणी राखीव केलं. साबाला त्याचं कौतुक आहे. मालवणात त्या अभयारण्याला मच्छीमारांचा पहिल्या दिवसापासून विरोध आहे. का, विचार."

"का?"

"कारण साबाला हजार-दोन हजार माणसं राहतात आणि मालवणच्या त्या पाण्यावर पिढ्यान्पिढ्या रापणीचं जाळं ओढणाऱ्यांची चूल पेटते. त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली. तुझ्या मास्कवाल्या लोकांना समुद्र बघायचाय. त्यांना तो जेवायचाय. दोघांचा समुद्र एकच आहे, आणि रेघ नेहमी जेवणाऱ्याच्या पानातून जाते."

"पण आता मालवणात तेच लोक स्नॉर्कलिंगच्या बोटी चालवतात. तारकर्लीला सरकारने स्कूबाची संस्था काढली. मच्छीमारांची मुलं तिथं शिकली. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, किल्ल्याच्या मागे. पाणी बोनेरएवढं नाही, पण दिसतं. प्रवाळ दिसतं."

"मीही गेले होते कोकणातल्याच एका ठिकाणी, कुठल्या ते सांगत नाही," मी म्हटलं. "बोटवाल्याने आम्हाला पाण्यात सोडलं आणि वरून ब्रेडचे तुकडे टाकले. मासे ढिगाने आले, त्यांच्यात आमचे फोटो काढले. शेजारचा एक जण दमला तेव्हा त्याला म्हणाला, उभे राहा की, खाली दगड आहे. तो दगड नव्हता. प्रवाळ होतं, जिवंत. कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. माणूस त्याच्यावर पाच मिनिटं उभा होता. मी ओरडले तर बोटवाला म्हणाला, बाई, रोजचंच आहे."

तो गप्प झाला. लाटांचा आवाज लांब गेला होता, म्हणजे सुकती पूर्ण व्हायला आली होती. मला जे दाखवायचं होतं त्याची वेळ झाली.

खडपाच्या खालच्या अंगाला, जिथं महिन्यातले मोजके दिवसच पाय टाकता येतो, तिथं एक डबकं आहे. परातीपेक्षा मोठं, बैलगाडीच्या चाकाएवढं, गुडघ्याला लागेल इतकं खोल. आत पाणी अगदी नितळ, कारण वाळू खाली बसलेली आणि लाट पोचत नाही. मी त्याच्या काठावर उकिडवी बसले आणि त्याला शेजारी बसवलं. "दोन मिनिटं हलू नकोस. सावली पाण्यावर पडू देऊ नकोस."

पहिल्या मिनिटात काही नसतं. दगड, थोडं शेवाळ. मग त्यातला एक शंख उठतो आणि चालायला लागतो. आत संन्यासी खेकडा आहे, दुसऱ्याच्या घरात राहणारा. मग कपारीतून केसासारखा बारीक पाय बाहेर येतो, मग दुसरा, आणि ती सापासारख्या हातांची तारामासळी असते. काठाला हिरव्या बटणांची चटई अंथरल्यासारखी दिसते, ती चटई नाही, हजारो जीव एकमेकांना चिकटून बसलेत, आणि पाणी शांत झालं की प्रत्येक बटण फुलासारखं उघडतं. बोटभर मासा एका खळग्यातून दुसऱ्यात उडी मारतो. आणि मध्ये, भाकरीएवढा, तपकिरी-करडा, चपटा गोळा. त्याच्यावर बारीक बारीक चांदण्या कोरल्यासारख्या खळ्या.

भाच्याने तो गोळा ओळखला. माझ्या आधी बोलला. "हे प्रवाळ आहे."

"हो."

"इथं? रत्नागिरीला?"

"१९७९ साली गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या कासिम आणि वाफर या दोन शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय. पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ कुठं कुठं आहे त्यात रत्नागिरी, मालवण आणि रेडी. म्हणजे तुझं बोनेर राखीव झालं त्याच वर्षी आपलं नुसतं कागदावर आलं. इथं भिंती उभ्या राहत नाहीत, नद्यांचं पाणी आणि गाळ राहू देत नाही. पण जे गाळ सोसतात, भर उन्हात उघडं पडणं सोसतात, पावसात गोडं पाणी सोसतात, असे काही टिकलेत. हे त्यांतलं."

"आंग्रिया बँकवर मोठं प्रवाळ आहे म्हणतात ना?"

"आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा तो उथळ पठारासारखा भाग विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आत आहे, आणि उथळ म्हणजे वीस मीटर. तिथं तुझी नळी पुरत नाही. हे मात्र चालत येऊन बघता येतं. तुला आठवतं, तू म्हणालास, तिथं पाणी दिवसभर आहे तिथंच असतं? कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक फूटभर. म्हणून त्यांना पाण्यात उतरावंच लागतं, समुद्र स्वतः काही दाखवत नाही. आपला समुद्र उधाणाला दोन-अडीच मीटर खाली जातो. दिवसातून दोनदा. पदर बाजूला करून दाखवतो आणि परत झाकतो. तुझ्या बारा मास्कांचं काम इथं पंचांग करतं."

मला वाटलं मी जिंकले. त्याने बराच वेळ त्या गोळ्याकडे बघितलं, आणि मग जे विचारलं त्याने माझी बाजू ढासळली.

"हे किती आहेत, आत्या? या खडपावर असे गोळे किती?"

मी सांगू शकले नाही.

"गेल्या वर्षी किती होते? दहा वर्षांपूर्वी?"

तेही नाही. मी इतकी वर्षं येत होते. बघत होते. मोजलं कधीच नव्हतं.

"बोनेरला २०२३ मध्ये रोग आला," तो म्हणाला. "फ्लोरिडात सुरू झाला होता, बेट बेट करत आला. मोठमोठे मेंदूसारखे प्रवाळ, शेकडो वर्षांचे, काही आठवड्यांत पांढरे. त्याच वर्षी पाणीही तापलं. मी त्या वर्षी पाण्यात गेलो तेव्हा माझ्या ओळखीचा एक गोळा मेला होता. ओळखीचा म्हणतोय मी, ऐकतेस ना. पिवळ्या दगडापासून डावीकडे, बोयाच्या दोराखाली. रोगाच्या जागा लगेच बंद केल्या, लोकांना सांगितलं, साधनं धुवायला लावली, स्वयंसेवक एकेका गोळ्याला औषध लावत होते. वाचेल की नाही माहीत नाही. पण तिथं मेलं तर कोणाला तरी कळतं. इथं हा गोळा मेला तर कोणाला कळेल? तुला. आणि तूही मोजलेले नाहीत."

मी काय बोलणार? निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. पुढे ते वर्षानुवर्षं तिथंच होतं आणि त्याच्यासमोर फोटो काढायला रत्नागिरी लोटली. मीही गेले होते. किनाऱ्याचं काय झालं, जहाजाच्या बुडाखाली काय मेलं, काय नवीन चिकटलं, हा प्रश्न त्या गर्दीत मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. माझ्याही नाही. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला समुद्री संशोधन केंद्राचं संग्रहालय आहे, देवमाशाचा सांगाडा तिथं टांगलाय. इतकं सगळं असून आमचं समुद्राशी नातं बाजाराच्या ओट्यापासून सुरू होतं आणि ताटाशी संपतं.

"वेळासचं बघ," मी शेवटी म्हटलं, आणि आता मी त्याच्याशी भांडत नव्हते. "मंडणगड तालुक्यातलं एवढंसं गाव. कासवाची अंडी लोक खात होते, विकत होते. २००२ मध्ये चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था तिथं गेली, अंडी गोळा करून राखायला गावालाच शिकवलं. मग पिल्लं समुद्रात सोडायचा महोत्सव. लोक मुंबई-पुण्याहून येतात, गावातल्या घरांत राहतात, आणि पिल्लं निघाली नाहीत तर रिकाम्या हाताने जातात. कासवाने पर्यटकाच्या सुट्टीप्रमाणे अंडं फोडायचं नाही, पर्यटकाने कासवाप्रमाणे थांबायचं. २०२२ च्या जानेवारीत तिथल्याच एका मादीला उपग्रहाचं यंत्र लावलं आणि तिचं नाव प्रथमा ठेवलं. नाव ठेवल्यावर ती कुठं पोचली हे अख्खं गाव विचारायचं."

"मग इथं का नाही? महिन्यातून उधाणाचे सहा-सात दिवस. दहा माणसं, जास्त नाही. पावसाळ्यात बंद."

"दहा माणसांची वीस पावलं या चटईवर पडतील त्याचं काय? आणि यातला एक जण फोटोसाठी लाटेत उतरला तर? आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्हीकडे माणसं बुडालेली आहेत. पोहता येणारी बुडालीत."

"चालायच्या वाटा ठरवू. पिवळा दगड नको, पण वाट ठरवू. आणि लाटेत कोणी उतरणार नाही."

"आणि हिला विचारलंस?"

मी हाताने दाखवलं. आमच्यापासून वीसेक पावलांवर एक बाई खडपावर वाकून कालवं फोडत होती. आम्ही आलो तेव्हापासून तिथंच होती. भाच्याचं लक्ष गेलं नव्हतं. साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, पायात जुने रबरी बूट, हातात टोकाचं लोखंड. टक्, टक्, कवचाचं वरचं झाकण उडतं, मग टोकानेच आतला मऊ ऐवज उचलून कमरेच्या डब्यात. पाटीभर कवचं फोडली तर वाटीभर कालवं होतात. मुंबईतही बायका असंच करतात आणि तिथं खडपावर सहली नेणारे तरुण गट २०१७ पासून फिरतात. पण ती सहल आली की वाकलेल्या बाईने बाजूला व्हायचं की सहलीने, हा प्रश्न खडपागणिक वेगळा सुटतो.

भाचा उठला. गेला तिच्याकडे. मला वाटलं आपली योजना सांगेल. तसं काही केलं नाही. तिच्याजवळ उकिडवा बसला, आज किती मिळाली विचारलं, पाठ दुखते का विचारलं. त्याच्या आईचं माहेर कुठलं ते तिने विचारलं. असं पाच मिनिटं चाललं. मग ती दोघं उठून माझ्या डबक्याकडे आली.

"आत्या, ह्या म्हणतात चाळीस वर्षं येतायत. यांना या डबक्यात काय आहे माहितेय का विचारलं, तर म्हणतात, कालवं नाहीत त्यात, म्हणून कधी थांबले नाही."

त्याने मास्क पाण्यावर ठेवला. डोक्याला न लावता, काच खाली, नुसता तरंगत. वाऱ्याने पाण्याच्या पृष्ठभागावर जी सुरकुती उठते तीही त्या काचेखाली नाहीशी झाली. मी तीस वर्षांत ही युक्ती केली नव्हती. वरून बघत होते, सुरकुतीतून. "वाकून बघा," तो तिला म्हणाला.

ती वाकली. एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने डबा सांभाळत. बराच वेळ वर आलीच नाही. मध्ये एकदा बोट पाण्यात घातलं आणि लगेच मागे घेतलं, कारण हिरवी बटणं मिटली होती. मग थांबून पुन्हा उघडायची वाट बघितली.

"ही सगली हितंच व्हती?" ती म्हणाली.

भाचा काहीच बोलला नाही. मी त्या गोळ्याकडे बोट दाखवून म्हटलं, हा दगड नाही, जिवंत आहे, याच्यावर पाय देऊ नका. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बोलायची गरज नव्हती. मग तिनेच सांगितलं. असले दगड तिला माहीत होते. फार नाहीत. एक इथं, दोन त्या कपारीत, एक पलीकडे मोठा होता तो दोन पावसाळ्यांपूर्वी पांढरा पडला आणि आता त्याच्यावर शेवाळ आहे. तिथं पाय घसरतो म्हणून लक्षात राहिलंय.

भाच्याने खिशातून फोन काढला. मला वाटलं फोटो काढतोय. तो लिहून घेत होता. एक इथं. दोन कपारीत. एक मेलेला, दोन पावसाळ्यांपूर्वी.

डबक्याच्या समुद्राकडच्या काठावरून पाण्याची एक पातळ जीभ आत आली आणि तळाची वाळू उठली. त्या बाईने मास्क उचलून भाच्याच्या हातात दिला, डबा पदराने झाकला आणि वरच्या खडपाकडे निघाली. तिथली कालवं अजून तासभर उघडी राहणार होती. चार पावलं जाऊन वळली.

"उद्या आठाच्या सुमाराला सुकेल," ती म्हणाली. "ह्यो आनशील ना?"